बावीस प्रतिज्ञा आणि मनाचा आरसा

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे समितीच्या बंधूंनी आम्हाला सांगितले. आम्ही प्राध्यापक नव्हे. पेपर मिलमध्ये पाळीवर जाणारी माणसे आम्ही. जे वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर, विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि वडीलधाऱ्यांच्या पायाशी बसून. तेव्हा वाचकांनी यात पांडित्य शोधू नये. आपल्या चांदा मुलखात धम्म आला कसा हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण तो माणसाच्या आत किती गेला, हा इतिहास कोणी लिहीत नाही. त्याबद्दल चार शब्द लिहिण्याचा हा प्रयत्न आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीरांकडून दीक्षा घेतली आणि लगेच लाखो लोकांना दिली. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला त्यांचे तेथे मोठे भाषण झाले. आणि १६ ऑक्टोबरला ते चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे हे या कार्यक्रमाच्या मागे उभे होते. वय अवघे एकतीस वर्षांचे. आज जेथे दीक्षाभूमी आणि डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे, त्याच जागेवर बाबासाहेबांनी स्वतः त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा आपल्या आजा-आजीला दिल्या. त्या वेळी गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. म्हणजे पार सिरोंच्यापर्यंतचा मुलूख चांद्यातच होता. जंगलातून, वैनगंगेच्या पलीकडून माणसे बंडीने आणि पायी आली, भाकरी बांधून आली, असे वडीलधारे सांगत. त्यानंतर ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समजावून सांगायला ते राहिले नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथसुद्धा १९५७ मध्ये, त्यांच्या मागे छापून आला, आणि तोही आधी इंग्रजीत. आमच्या खेड्यापाड्यांतल्या माणसाच्या हाती तेव्हा होते काय? तोंडपाठ केलेल्या बावीस प्रतिज्ञा, बस्स.

आणि त्या माणसांनी काय केले? घरी गेली, देव्हाऱ्यातले देव टोपलीत घातले आणि कोणी वैनगंगेत, कोणी वर्धेत, कोणी गावच्या विहिरीत सोडले. जनगणनेचे आकडे पाहावेत. आजच्या महाराष्ट्राच्या भागात १९५१ ला बौद्ध होते २,४८७. १९६१ ला झाले २७,८९,५०१. दहा वर्षांत असा पालट जगाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. त्याचा आम्हाला अभिमान आहे आणि राहील.

पण जनगणनेच्या तक्त्यात भेवाचा रकाना नसतो. आमच्या वस्तीतील एक म्हातारी आजी, आज ती हयात नाही, आपल्या बोलीत म्हणायची, "देव त नदीत सोडून आलो बाबू, पण भेव कुठी सोडाचं?" आम्ही पुष्कळ विद्वानांची भाषणे ऐकली, पण या प्रश्नाइतका नेमका प्रश्न क्वचितच ऐकला. मूर्ती हाताने उचलता येते. जी गोष्ट हाताला लागत नाही, ती कशी उचलावी?

भगवान बुद्धांनी या न दिसणाऱ्या गोष्टीला नाव दिले आहे. पाली भाषेत त्याला अनुसय म्हणतात. म्हणजे आपल्यासोबतच आत झोपून राहिलेले विकार. ते सात सांगितले आहेत: कामराग, पटिघ म्हणजे द्वेष, दिट्ठी म्हणजे चुकीची समजूत, विचिकिच्छा म्हणजे शंका-कुशंका, मान म्हणजे अहंकार, भवराग आणि अविज्जा. पाळण्यात उताणे पडलेल्या लेकराला काहीच कळत नसते, तरी त्याच्या आत हे झोपलेले असतात, असा दाखला भगवंतांनी दिला आहे. मिलमध्ये काम करणाऱ्याला हे चटकन समजते. बांबूचे तुकडे डायजेस्टरमध्ये शिजतात, लगदा होतो, वरून पाहिले तर सगळा सारखाच दिसतो. पण बांबूची गाठ शिजलेली नसते. ती चाळणीवर आल्याशिवाय दिसत नाही, आणि तशीच पुढे गेली तर कागद बिघडवते. तशी चाळणी धम्मात कोणती?

हा प्रश्न विचारणारे आपण पहिले नव्हे. आपल्याच जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक नावाचे गाव आहे. तेथे एका शिळेवर ब्राह्मी लिपीतला अतिशय जुना लेख सापडला. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, अशा अर्थाची आज्ञा त्यात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला आणि सम्राट अशोकाच्या धर्ममहामात्राचा लेख ठरवला. त्यात चिकंबरी असे गावाचे नाव आहे, ते म्हणजे जवळचे चिकमारा असे त्यांचे मत. अशोकाचा धम्म आपल्या या जंगलात बावीसशे वर्षांपूर्वी पोचला होता, हे यावरून कळते. भद्रावतीची विजासन टेकडीतली बुद्धलेणी त्याच्या नंतरची.

त्याच अशोकाचा एक स्तंभलेख आहे, तिसरा. त्याची एक प्रत दिल्लीला आहे. फिरोजशहा तुघलकाने तो खांब टोपऱ्याहून उचलून आणला, आणि १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप या इंग्रज गृहस्थाने हे लेख वाचून काढले. त्या लेखाचा आशय असा की माणसाला आपले चांगले काम तेवढे दिसते, हे मी केले असे तो म्हणतो. वाईट काम मात्र त्याला दिसत नाही. असे आत पाहणे कठीण आहे खरे, तरी पाहिले पाहिजे. आणि काय काय पाहायचे तेही राजाने सांगितले आहे: तापटपणा, निष्ठुरपणा, राग, मान आणि मत्सर. ज्याने कलिंगात लाखावर माणसे मारली गेल्याचे स्वतःच्या तोंडाने दगडावर लिहून ठेवले, तो राजा हे बोलतो आहे. आम्हाला जगाच्या इतिहासात दुसरा असा राजा ठाऊक नाही.

अशोकाला ही दृष्टी कोठून आली? त्याचाही पुरावा आहे. राजस्थानात बैराटजवळ त्याचा एक लेख मिळाला, त्याला भाब्रू लेख म्हणतात; तो आज कोलकात्याला आहे. त्यात त्याने भिक्षुसंघाला आणि उपासक-उपासिकांनाही सात उपदेश वारंवार ऐका, मनन करा असे सांगितले आहे. त्यातला एक म्हणजे राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश. राहुल म्हणजे भगवंतांचा मुलगा, लहान वयात श्रामणेर झालेला. पाय धुऊन उरलेले थोडेसे पाणी भगवंतांनी त्याला दाखवले, मग ते सांडले, मग भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज नाही, त्याच्यात श्रमणपण एवढेच उरते, असे समजावले. आणि मग विचारले की आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे पोर म्हणाले. तसेच आपले काम पाहावे, असे भगवंतांनी सांगितले. शरीराने करायचे काम, वाणीचे काम, मनाचे काम. आणि प्रत्येक काम तीनदा पाहायचे. करायच्या आधी, करत असताना आणि करून झाल्यावर. याने मला त्रास होतो का, दुसऱ्याला होतो का, दोघांनाही होतो का? यात देव नाही, पाप-पुण्याचा हिशोब ठेवणारा चित्रगुप्त नाही. आहे तो फक्त आपला डोळा.

यातली एक बारीक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. शरीराने किंवा वाणीने वाईट केले असेल तर ते गुरूजवळ किंवा जाणत्या सोबत्याजवळ उघड करावे. मनात वाईट आले असेल तर त्याची आपल्यालाच लाज वाटावी, आणि पुढे सांभाळावे. आणि पाहताना चांगलेच दिसले, तर आनंदात राहावे! हेही सांगितले आहे, आणि आपले लोक हे वाक्य विसरतात. आत्मपरीक्षण म्हणजे दिवसभर तोंड पाडून बसणे नव्हे.

आता बावीस प्रतिज्ञांकडे या नजरेने पाहावे. पहिल्या आठ प्रतिज्ञा प्रामुख्याने देवदेवता, अवतार, श्राद्धपक्ष आणि भटजीच्या क्रियाकर्माविषयी आहेत. पुढे समता येते, अष्टांगिक मार्ग येतो, दहा पारमिता आणि प्राणिमात्रांवर दया येते. मग चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे, दारू. आमच्या सभांमध्ये पहिल्या आठांचा गजर मोठ्याने होतो, कारण त्यात बोट दुसरीकडे दाखवता येते. नवव्यापासून आवाज बारीक होतो. शिवाय एक गोष्ट पाहिली का? चळवळीत आपण सगळे "आम्ही" म्हणतो, हा लेखही आम्ही तसाच लिहीत आहोत. पण बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिल्या त्या "मी" म्हणून. लाखोंच्या समुदायात उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकट्याने बोलायला लावले. समुदायामागे लपायला जागाच ठेवली नाही.

समता पाळीन, अशी प्रतिज्ञा आहे. तिला प्रश्न करून विचारू. लग्नाच्या बैठकीत काय होते? धर्म बौद्ध, घरात बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो, पत्रिकेवर मंगल परिणय छापलेले. आणि बैठकीत चहा झाला की एखादा हळूच विचारतो, "तुम्ही कोणते?" कोणते म्हणजे काय, ते दोघांनाही कळते. सोमवंशी, लाडवण, बावणे, कोसरे, आंधवण. साडेबारा पोटजाती आपल्यात सांगत असत. १९५६ ला त्या सगळ्या एका मैदानात एका ओळीत उभ्या राहिल्या होत्या. आजही नवीन पिढीत पुष्कळ लग्ने पोटजात न पाहता होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जेथे होत नाहीत तेथे कारण कधीच उघड सांगितले जात नाही. "पोरगी शिकते आहे", "घर दूर पडते". ज्या गोष्टीला खोटे कारण द्यावे लागते, ती गोष्ट अनुसय आहे असे ओळखावे.

आणि याच बैठकीत जे विचारायला पाहिजे ते कोणी विचारीत नाही. आपल्या विदर्भात, विशेषतः आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता असते की लेकरू आजारी जन्मेल. वाहक माणूस आजारी नसतो, मिलमध्ये आमच्यासारखे जड कामही करू शकतो. त्याला फक्त आपले रक्त माहीत पाहिजे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, कार्ड मिळते. पण ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते. काहून? तर पोरीचे लग्न जुळणार नाही म्हणून. मग लेकराचे हात-पाय सुजतात, सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात, आणि घरात कुजबुज सुरू होते की याला "बाहेरचे" झाले आहे. लपवलेल्या कार्डाने लेकरू आजारी जन्मते आणि लपवलेल्या भेवाने ते भगताच्या दारी जाते. पोटजात विचारायला जीभ वळते आणि रक्त विचारायला वळत नाही, यापेक्षा उलटी गोष्ट आम्ही पाहिली नाही.

भेवाची गोष्ट निघालीच आहे. आपल्या गावांच्या शिवेवर मातामाय असायची, देवीच्या रोगाची. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही. लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांनी घरोघर फिरून तो रोग संपवला. रोग संपला, पण तिच्या नावाचा धाक अजून काही घरांत आहे. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची मोठी यात्रा भरते. ज्यांचा तो धर्म आहे त्यांनी सुखाने जावे, त्यांच्याशी आपले भांडण नाही. राज्यघटनेने त्यांना तो हक्क दिला आहे. आम्ही बोलतो ते आपल्या घराबद्दल. स्वतः जायचे नाही, कारण लोक पाहतील. पण शेजाऱ्याच्या हाती एक नारळ पाठवायचा! घरात तो नारळ कोणी पाठवला हे कोणी सांगत नाही. पुरुष म्हणतात, बाया ऐकत नाहीत. अंधश्रद्धा म्हटली की पुरुषांचे बोट बायांकडे जाते, हेही तपासायला हवे. पैसे कोणाच्या खिशातून निघतात? नवीन गाडीला लिंबू-मिरची बांधतो तो कोण असतो?

या भेवाचे पुढचे टोक कोठे जाते, ते आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून दलित समाजाच्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारले. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाड्याला एक बाई आणि एक पुरुष यांना याच संशयावरून जिवंत जाळले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा मारणाऱ्याला धरतो. पण मारणाऱ्याच्या मनात संशय आला तेव्हा, करायच्या आधी, ते पाहणारे आत कोणीच नव्हते. राहुलाला सांगितलेला पहिला आरसा तोच. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्म काय नाही हे सांगताना अलौकिकावरचा विश्वास सर्वांत आधी घेतला, तो उगाच नव्हे.

दारूबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोललेले पुष्कळ आणि केलेले थोडे आहे. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली. चंद्रपूरसाठी २०१० च्या डिसेंबरात बाया चिमूरहून नागपूरला विधानभवनापर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली आणि २०२१ ला उठली. बंदी असताना चोरून मिळत होती हे खरे आहे, आणि आता उघड मिळते हेही खरे आहे. सरकार येते-जाते. पंचशीलाचे पाचवे शील कोणत्या सरकारने दिलेले नाही, त्यामुळे ते कोणाला उठवताही येत नाही. पगाराच्या दिवशी मिलच्या गेटबाहेर उभे राहून पाहिले, तर कोणाचे पाय कोणीकडे वळतात ते दिसते. वंदनेला पहिल्या रांगेत बसणारेही त्यात असतात.

आणि शेवटी मान. अशोकाच्या यादीत तो आहे, भगवंतांच्या सात अनुसयांत तो आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन-तीन वर्षांतच फुटायला लागला. मोठी माणसे होती, त्यागी होती, त्यांचे ऋण आपल्यावर आहे. तरी कोणाच्या नावापुढे गट लागायचा राहिला नाही. आज विहाराच्या समितीत जे होते ते त्याचेच छोटे रूप. पत्रिकेवर नाव कोणाचे वर, सत्कार आधी कोणाचा, चाबी कोणाजवळ. अंधश्रद्धा सोडलेला, दारू न पिणारा, पोटजात न मानणारा कार्यकर्ताही येथे येऊन अडकतो, कारण मान हा शीलवान माणसाच्याच घरी जास्त आरामात झोपतो.

यावर भगवंतांनी योजलेला उपाय म्हणजे पवारणा. वर्षावास संपला की अश्विन पौर्णिमेला भिक्षू एकत्र बसतात, आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो की माझ्याबद्दल काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका असेल, तर मला सांगा. इतर ठिकाणी माणूस दुसऱ्याचे दोष काढायला उभा राहतो, येथे आपले दोष मागायला बसतो. त्यात सर्वांत वडील भिक्षू आधी बसतो, लहान मागून. एका पवारणेला तर खुद्द भगवंतांनी भिक्षूंना विचारले की माझ्यात काही आढळले का? ज्यांना विचारायची गरज नव्हती त्यांनी विचारले. मग अध्यक्ष-सचिवांना कसला संकोच?

आपल्या विहारात दर वर्षावासात ग्रंथवाचन होते, ते चांगलेच आहे. यंदा समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवली आणि ती मान्य झाली. वर्षावासातल्या प्रत्येक पौर्णिमेला आणि अष्टमीला वंदनेनंतर बावीसपैकी एक-दोन प्रतिज्ञा घ्यायच्या, त्यांचा प्रश्न करायचा, आणि पाच मिनिटे कोणी काही बोलायचे नाही. ज्याने त्याने आपल्या आत पाहावे. बोलायचे असेल त्याने मग बोलावे, सक्ती नाही. येथे ऐकलेली गोष्ट वस्तीच्या नळावर जाणार नाही, ही जबाबदारी मात्र सर्वांची. लग्नाच्या वयाच्या मुला-मुलींनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी, त्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना विहारातच बोलावण्याचे ठरले आहे. आणि अश्विन पौर्णिमेला सायंकाळी सात वाजता समितीची पवारणा आहे. अध्यक्ष आधी बसतील, मग वयाप्रमाणे बाकीचे. महिला मंडळाने आणि तरुण मुलांनी त्यांना काय पाहिले, काय ऐकले ते सरळ सांगावे. दुसऱ्या पाळीवाल्यांना त्या वेळी येता येणार नाही, त्यांची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता घेऊ.

नमो बुद्धाय. जयभीम.